पत्ते किती आणि किती वेळ?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेली वीस वर्षे मी संगणकांची जाळी बसवण्याचे काम करतो. शाळा-महाविद्यालये, पतसंस्था, लहान कारखाने ही माझी गिऱ्हाइके. आमचे काम नीट चालले तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडले की मात्र एका तासात दहा फोन येतात. आज मी अशाच एका न दिसणाऱ्या गोष्टीविषयी बोलणार आहे. ती बिघडली तेव्हा एका मुलीचे वर्ष वाया जायची वेळ आली होती, आणि त्या बिघाडात थोडी भर मीही घातली होती.

२०२२ च्या जूनमधली गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयातून सकाळी फोन आला. पदवीच्या पहिल्या वर्षाचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि तो शेवटचा दिवस होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मोबाइलला रेंज धड मिळत नाही. म्हणून शेवटचे तीन दिवस महाविद्यालयाने आपले वाय-फाय सर्वांना खुले केले होते. फोनवर तिथले लिपिक म्हणाले, "सर, वाय-फाय फुल दाखवतंय, पण नव्या माणसाचं नेट चालतच नाही. परवा आलेल्यांचं मात्र चालतंय. कालपासूनच कुरकुर होती, आज तर सगळंच ठप्प आहे."

मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. व्हरांड्यात रांग लागली होती. रांगेतल्या एका मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एकच ओळ होती, "आयपी पत्ता मिळवत आहे". अर्धा तास तीच ओळ होती. तिचे वडील म्हणाले, "साहेब, साडेपाचची एस.टी. गेली की आम्हाला इथंच मुक्काम. तेवढ्यात होईल ना?" मी म्हणालो, "काका, होईल. थांबा थोडं." शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर पत्ता दिसत होता, पण तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा. हा आकडा दिसला की आम्हाला अर्धे निदान झाल्यासारखे वाटते. पत्ता मागूनही कुणी दिला नाही, तर बहुतेक संगणक स्वतःच या मालिकेतला एक पत्ता लावून घेतात. अशा पत्त्यावर शेजारच्या संगणकाशी बोलता येते, बाहेरच्या जगाशी नाही.

पत्ता देतो कोण?

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला, मग तो संगणक असो, मोबाइल असो की छपाईयंत्र, एक वेगळा पत्ता लागतो. आज सर्वाधिक ओळखीचा असलेला पत्ता चार आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. प्रत्येक आकडा शून्य ते २५५ च्या दरम्यान. १९८१ साली ठरलेल्या या पद्धतीत सारे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते होतात. तेव्हा ते भरपूर वाटले. पुढे ते अपुरे पडू लागले, म्हणून १९९६ साली काही पत्ते खाजगी वापरासाठी बाजूला काढल्याचे पक्के झाले. १० ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते कुणीही आपल्या घरात, कचेरीत वापरावेत, आपले १९२.१६८.१.२५ आणि शेजाऱ्याचे १९२.१६८.१.२५ यांत भांडण होत नाही, कारण ते इंटरनेटवर जसेच्या तसे जातच नाहीत.

पूर्वी हे पत्ते आम्ही प्रत्येक संगणकावर बसून हाताने घालत असू. कोणता पत्ता कुणाला दिला याची वही असे. वही हरवली की घोळ. १९८५ साली यंत्राला सुरू होताना पत्ता आपोआप देण्याची बूट-पी नावाची पद्धत आली. तिला मुदतीची जोड देऊन ऑक्टोबर १९९३ मध्ये डी-एच-सी-पी ही पद्धत तयार झाली. तिचा आज प्रचलित असलेला मसुदा मार्च १९९७ चा, राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला. तुमच्या घरातले वाय-फाय चालते ते हिच्याच जोरावर.

हिच्यात चार निरोपांचा व्यवहार असतो. नवे यंत्र जाळ्यात येते आणि मोठ्याने विचारते, "इथे पत्ता देणारे कुणी आहे का?" पत्ते देणारा सांगतो, "मी आहे, हा घे अमुक पत्ता." यंत्र म्हणते, "ठीक, तोच मला द्या." आणि देणारा शिक्का मारतो, "दिला, एवढ्या वेळेपुरता." हे सारे बहुधा सेकंदाच्या आत उरकते. घरात हे काम राउटर करतो. मोठ्या जागी ते वेगळा सर्व्हर करतो किंवा स्विच करतो. स्विच म्हणजे ज्या पेटीत इमारतीतल्या सगळ्या तारा येऊन मिळतात ती. साधा स्विच फक्त तारा जोडतो. जरा वरच्या दर्जाचा स्विच पत्तेही वाटू शकतो. त्या महाविद्यालयात असाच स्विच होता.

वाटण्यासाठी स्विचजवळ जो पत्त्यांचा साठा ठेवलेला असतो त्याला आमच्या भाषेत पूल म्हणतात. नदीवरचा पूल नव्हे; इंग्रजीतला, साठा या अर्थाचा.

किल्ली घेऊन गेलेले पाहुणे

हा साठा समजायला पंढरपुरातली एखादी धर्मशाळा डोळ्यांपुढे आणा. खोल्या ठरलेल्या, व्यवस्थापकाजवळ नोंदवही. पाहुणा आला, खोली दिली, मुदत लिहिली. आता समजा हा व्यवस्थापक सरसकट प्रत्येकाच्या नावावर आठ दिवस लिहितो. पाहुणा दर्शन घेऊन दोन तासांत निघून जातो, तोही न सांगता, किल्ली खिशात घालून. वहीत मात्र ती खोली आठ दिवस भरलेली. दारात वारकरी ताटकळत उभे, आणि आत खोल्या रिकाम्या.

महाविद्यालयात नेमके हेच झाले होते. कार्यालय, प्रयोगशाळा, विद्यार्थी, पाहुणे या सगळ्यांसाठी एकच जाळे होते, १९२.१६८.१ चे. अशा जाळ्यात २५६ आकडे असतात, पण पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला २५४. त्यांतला एक स्विचचा स्वतःचा, एक शुल्काच्या खिडकीवरच्या छपाईयंत्राला हाताने दिलेला. उरले २५२. संगणक आणि वाय-फायच्या पेट्या मिळून ७५ तर कायमच्याच. राहिले १७७. आणि मुदत लिहिलेली होती आठ दिवस.

रोज साधारण दीडशे नवे मोबाइल येत होते. पहिल्या दिवशी दीडशे पत्ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच उरलेले २७ संपले. वाय-फायच्या टप्प्यातून बाहेर पडताना मोबाइल सहसा "मी चाललो" असे सांगत नाही. मी स्विचची नोंदवही उघडली तेव्हा तीत २५२ पैकी २५२ पत्ते दिलेले दिसत होते, आणि प्रत्यक्षात त्या क्षणी जोडलेली यंत्रे होती ११५ च्या आसपास. बाकीचे पत्ते गावोगाव घरी गेलेल्या मोबाइलांच्या नावावर अडकून पडले होते. परवा आलेल्यांचे का चालत होते तेही कळले. त्यांची खोली त्यांच्याच नावावर होती.

म्हणजे किती माणसे एका वेळी हजर असतात एवढेच पाहून साठा ठरवता येत नाही. मुदत संपेपर्यंत एकूण किती जण येऊन जातात, हे पाहावे लागते. रोज दीडशे आणि मुदत आठ दिवस, तर पाहुण्यांसाठीच बाराशे पत्ते हवेत. मुदत चार तास केली, तर दिवसभरात आलेल्या सगळ्यांचे धरूनही दीडशे पुरतात. माणसे तेवढीच, स्विच तोच. फरक एका आकड्याचा.

घाईची किंमत

मी मुदत चार तासांची केली. पण नवी मुदत नव्या पाहुण्यांना लागू होते. आधीच्या आठ दिवसांच्या नोंदी तशाच राहतात. बाहेर रांग होती. मी सरळ सगळी नोंदवही पुसली. दोन मिनिटांत मोबाइलांना पत्ते मिळू लागले, व्हरांड्यात आनंद झाला, कुणीतरी माझ्यासाठी चहाही आणला. ती मुलगी भिंतीला टेकून अर्ज भरू लागली.

नोंदवहीबरोबर मी आणखी एक यादी पुसली होती. स्विच कोणताही पत्ता देण्याआधी त्या पत्त्याला एक हाक मारून पाहतो. कुणी ओ दिली, तर "इथे कुणीतरी आधीच आहे" असे समजून तो पत्ता तंट्याच्या यादीत टाकतो आणि पुन्हा वाटत नाही. छपाईयंत्राचा पत्ता याच यादीमुळे इतके दिवस सुरक्षित होता. वास्तविक तो साठ्यातून आधीच वगळायला हवा होता. तसे कुणी केलेले नव्हते, आणि मी ते तपासले नव्हते. दुपारच्या सुट्टीत खिडकी बंद झाली, छपाईयंत्र बंद झाले. नेमकी तेव्हाच त्या पत्त्याची पाळी आली. स्विचने हाक मारली, कुणी ओ दिली नाही, आणि तो पत्ता एका मोबाइलला गेला. सव्वादोनला छपाईयंत्र सुरू झाले. आता एका पत्त्यावर दोघे. शुल्काच्या पावत्या कधी निघत, कधी मध्येच हरवत. पावतीशिवाय अर्ज पुरा होत नव्हता.

मला हे कळायला चार वाजले. तोवर मी तारा तपासल्या, छपाईयंत्र तीनदा बंद-चालू केले, शाईला दोष दिला. मग तंट्याची यादी आठवली. छपाईयंत्राचा पत्ता साठ्यातून वगळला, त्या मोबाइलची नोंद काढली आणि व्हरांड्यात येऊन ओरडलो, "सगळ्यांनी वाय-फाय एकदा बंद करून चालू करा!" त्या मुलीची पावती पाच वाजायला वीस मिनिटे असताना निघाली. वडील तिला घेऊन घाईने स्टँडकडे गेले. मात्र तीनच्या सुमारास तीन-चार जण कंटाळून रांग सोडून गेले होते. त्यांची नावे कुणी लिहून घेतली नव्हती. ते गेले ते माझ्या घाईमुळे, ही बोच अजून आहे.

नीट मांडणी कशी करावी

पुढच्या रविवारी जाऊन मी सगळी मांडणी नव्याने केली. स्विचला आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतात आणि त्या कंपनीगणिक थोड्या बदलतात. म्हणून मी त्यांचा फक्त क्रम आणि अर्थ सांगतो. ज्यांच्या हाती असा स्विच आहे त्यांना तो उपयोगी पडेल.

सर्वांत आधी वाटणी. एकाच स्विचवर अनेक वेगळी जाळी करता येतात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. कार्यालयाचे एक, प्रयोगशाळेचे एक, विद्यार्थी-पाहुण्यांचे एक, अशी तीन केली. पाहुण्यांची गर्दी झाली तरी कार्यालयाचे पत्ते संपणार नाहीत, हा पहिला फायदा. पाहुण्याचा मोबाइल थेट कार्यालयाच्या संगणकापर्यंत पोचू नये असा नियम घालता येतो, हा दुसरा. प्रत्येक जाळ्यात स्विचला स्वतःचा एक पत्ता द्यावा लागतो. कुणाची मागणी कोणत्या जाळ्यातून आली ते पाहून स्विच त्या जाळ्याचा साठा उघडतो.

नंतर वगळणी. स्विच, छपाईयंत्रे, कॅमेरे, हजेरीची यंत्रे, ज्यांना ज्यांना हाताने पत्ता दिला आहे ते सगळे पत्ते साठ्यातून वगळायचे. मी प्रत्येक जाळ्यातले पहिले वीस पत्ते वगळतो आणि अशी सगळी यंत्रे त्या वीसांतच बसवतो. हे साठा तयार करण्याच्या आधी करावे, कारण साठा तयार होताच स्विच वाटायला सुरुवात करतो.

मग साठा. त्याला ओळखू येईल असे नाव द्यायचे. कोणते जाळे आणि किती मोठे ते सांगायचे. कार्यालयाला २५४ पत्त्यांचे जाळे पुष्कळ झाले. विद्यार्थ्यांना मी १०.२०.०.० पासून १०.२०.३.२५५ पर्यंतचे जाळे दिले; २५६ चे चार गट, म्हणजे १०२४ आकडे, दोन राखीव सोडून १०२२ पत्ते. इथे एक मेख आहे. जाळ्याची व्याप्ती ज्या आकड्याने सांगतात तो मास्क, इथे २५५.२५५.२५२.०, साठ्यात आणि स्विचच्या त्या जाळ्यातल्या पत्त्यावर सारखाच हवा. एका जागी बदलला आणि दुसरीकडे विसरलो, तर पत्ता मिळूनही बोलणे होत नाही.

पत्त्याबरोबर आणखी दोन गोष्टी द्यायच्या असतात. एक, बाहेर जाण्याचे दार, म्हणजे गेटवे. इथे स्विचचा त्या जाळ्यातला पत्ता. दुसरी, नावावरून पत्ता शोधून देणारा डी-एन-एस सर्व्हर. गेटवे विसरलात तर कार्यालयातल्या कार्यालयात सगळे चालते, इंटरनेट नाही. डी-एन-एस विसरलात तर आकडे टाकून संकेतस्थळ गाठता येईल, नाव टाकून नाही. शिवाय बाहेरच्या राउटरलाही नवी जाळी स्विचच्या मागे आहेत हे सांगावे लागते. नाहीतर इथून गेलेल्या निरोपाचे उत्तर परत येण्याची वाट त्याला ठाऊक नसते.

शेवटी मुदत. जी यंत्रे जागची हलत नाहीत त्यांना आठ दिवस द्यायला हरकत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन ते चार तास पुरेत. हजर असलेल्या यंत्राला याचा त्रास होत नाही. मुदत निम्मी सरली की ते स्वतःहून नूतनीकरण मागते, उत्तर आले नाही तर मुदतीचा आठवा भाग उरला असताना पुन्हा सर्वांना विचारते. चार तासांच्या मुदतीत दोन तासांनी एकदा, आणि गरज पडली तर साडेतीन तासांनी. पण म्हणून मुदत पाच मिनिटांची करू नये. स्विच थोडा वेळ बंद पडला तरी एवढ्यात सगळ्यांचे पत्ते जातील.

तीन बारकावे

एक, लाइट जाणे. स्विचवर केलेला बदल कायमच्या स्मृतीत जतन करण्याची आज्ञा वेगळी असते. ती दिली नाही, तर वीज जाताच सगळी मेहनत पुसली जाते. अनेक स्विचमध्ये दिलेल्या पत्त्यांची नोंदवहीही अशीच पुसली जाते. ती एखाद्या फाइलमध्ये ठेवायला सांगता येते, ते जरूर सांगावे.

दोन, आगंतुक व्यवस्थापक. कुणी घरचा वाय-फाय राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडतो, आणि तोही पत्ते वाटू लागतो. मोबाइल ज्याचा निरोप आधी येईल त्याचे ऐकतो. यासाठी स्विचमध्ये डी-एच-सी-पी स्नूपिंग नावाची सोय असते. पत्ते फक्त अमुक बाजूनेच वाटले जातील, बाकीच्यांचे निरोप टाकून दे, असे तिने सांगता येते.

तीन, बदलती ओळख. प्रत्येक यंत्राला कारखान्यात एक ओळख क्रमांक मिळतो, आणि तो पाहून एखाद्या यंत्राला ठरावीक पत्ता राखून ठेवता येतो. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आय-ओ-एस १४ पासून मोबाइल आपली खरी ओळख लपवून प्रत्येक वाय-फायसमोर वेगळा, बनावट क्रमांक ठेवतात. कुणाचा माग काढता येऊ नये म्हणून हे चांगलेच आहे. मात्र राखीव पत्त्यांची सोय छपाईयंत्रापुरती ठेवावी, मोबाइलसाठी तिच्यावर विसंबू नये.

त्या महाविद्यालयात मी एक कागद चिकटवून ठेवला आहे, स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून. त्यावर प्रत्येक साठ्यात एकूण पत्ते किती, मुदत किती आणि वगळलेले कोणते, एवढेच लिहिले आहे. खाली रकाने आखले आहेत. प्रवेशाच्या आठवड्यात तिथले लिपिक रोज सकाळी दहाला स्विचची नोंदवही उघडतात आणि किती पत्ते उरले तो आकडा त्यात लिहितात. उरलेले पत्ते पन्नासच्या खाली गेले तर मला फोन करायचा, असे ठरले आहे. २०२३ च्या प्रवेशाच्या वेळी मी त्या आठवड्यात मुद्दाम तिथे गेलो होतो. फोन आला नव्हता, तरी गेलो. व्हरांड्यात मुले मोबाइलवर अर्ज भरत बसली होती. मला कुणी ओळखले नाही. मी कपाट उघडून कागदावरचे आकडे पाहिले, आणि साडेपाचच्या आत निघालो.